केकाण सरांचा पाच ते सहाचा तास

केकाण सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मांजरसुंब्याच्या चौकात, एका ढाब्याबाहेरच्या बाजेवर. जून महिना होता. आमच्या शाळेत नवे क्रीडाशिक्षक रुजू होणार होते आणि त्यांना गावापर्यंत आणायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिलं होतं, कारण मराठीच्या शिक्षकाला एरवी काही काम नसतं असा त्यांचा समज होता. एसटीतून उतरलेले हे तरुण गृहस्थ बाजेवर बसून एका जाड दोराच्या गाठी सोडवत होते. शेजारी पत्र्याची पेटी. मी नाव सांगितलं. खोलीची सोय झाली आहे, पाणी शेजारच्या आडावर मिळेल, जेवणाचं बघू, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैदान कुठं आहे?"

मैदान नव्हतं. शाळेमागे माळ होता आणि माळावर दगड होते. त्या पावसाळ्यात सरांनी मुलांना घेऊन ते दगड वेचले. रोज थोडे. वेचलेल्या दगडांचा कडेनं बांध घातला. मी वर्गाच्या खिडकीतून ते बघत असे आणि मुलांना कविता शिकवत असे. मला तेव्हा वाटायचं की खरं शिक्षण खिडकीच्या आतल्या बाजूला चाललं आहे.

आज श्री. विठ्ठलराव केकाण सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत असताना या गौरवग्रंथात मी लिहावं, असं सत्कार समितीची मंडळी सांगायला आली, तेव्हा मी आधी नाही म्हटलं. डोळ्यांचं निमित्त सांगितलं. डोळे खरोखर थकले आहेत, आणि बाकीचाही मी थकलोच आहे. पण कारण ते नव्हतं. सरांबद्दल लिहायला बसलं की एक गोष्ट लिहावी लागते, आणि ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही. ती पुढे येईलच.

सरांच्या कामाबद्दल सांगायचं तर ढाली-चषकांची यादी देता येणार नाही. आमच्या शाळेचा खो-खोचा संघ एकदा जिल्ह्याला गेला आणि पहिल्याच सामन्यात हरून आला. सरांचं मोठं काम म्हणजे संध्याकाळी पाच ते सहा हा एक तास. शाळा सुटल्यावर सर मैदानावर जायचे आणि जो येईल त्याला खेळू द्यायचे. शाळेत नाव असो वा नसो. मेंढरं घरी लावून आलेली मुलं यायची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन मुली यायच्या. मग त्या धाकट्या भावाला सर स्वतः कडेवर घ्यायचे आणि मुलीला म्हणायचे, "पळ." पळणाऱ्यांत हळू कोण, वेगात कोण, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते स्वतः मेंढपाळाच्या घरातले. "मला कुणी खेळायला शिकवलं न्हाई, कविराज," ते मला एकदा म्हणाले होते. "मी नुसता मेंढरामागं पळालो. पळताना कुणी आपल्याकडं बघत असलं की बरं वाटतं, एवढंच मला कळलं." ते मला कविराज म्हणत. त्यात अर्धी थट्टा आणि अर्धी माया असायची.

मग दुष्काळ आला. आमच्या भागात तो येतो म्हणण्यापेक्षा तो उठून कधी जातो, हेच विचारायला हवं. पण ते वर्ष निराळंच होतं. आड आटले, बोअर आटले, तलावाच्या तळाला भेगा पडल्या. टँकर एक दिवसाआड येऊ लागला.

त्याच वर्षी गावच्या दूध उत्पादक संस्थेनं रंगीत टीव्ही आणला. संस्थेचे चेअरमन अप्पा यांच्या मनात गावाला काहीतरी द्यायचं होतं. डेअरीच्या गच्चीवर मोठी छत्री बसली आणि शेजारच्या मोठ्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात, टीव्ही बसला. संस्थेचा मानद सचिव मी होतो. गावात लिहिता येणाऱ्या माणसावर अशी कामं येऊन पडतातच. त्यामुळे त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली.

मी ती खोली शाळा सुटल्याबरोबर उघडू लागलो. त्यामागे माझं एक वेड होतं. मी वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकातल्या कविता शिकवल्या. त्यांत झरे, धबधबे, हिरवी कुरणं, नावा. एकदा पाचवीतल्या एका मुलानं विचारलं होतं, "गुरुजी, झरा म्हंजी बोअरला पाणी लागतं तसं का?" मी हो म्हणालो होतो आणि घरी जाऊन जेवलो नव्हतो. आता टीव्हीवर झरा दिसत होता. बर्फ दिसत होता. लांबच्या देशांतली गोरी, पिवळी, काळी मुलं बर्फावर घसरत होती, समुद्रात उड्या मारत होती. आमची मुलं तोंड उघडं टाकून बघत होती, आणि मला वाटत होतं की माझी कविता त्यांना अखेर पोचली.

दोन आठवड्यांत मैदान ओस पडलं. त्या वर्षी केकाण सरांपुढे प्रश्न एवढा एकच होता. मुलं संध्याकाळी पाचला मैदानावर येणार, की हा तास कायमचा मोडणार?

दुसऱ्या कुणी मला दोन शब्द सुनावले असते. सर एके दिवशी खोलीत आले आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसले. तासभर बसले. त्यांनी पडद्याकडे फारसं पाहिलंच नाही, मुलांकडे पाहिलं. बाहेर आल्यावर मी उत्साहानं विचारलं, "काय, आवडलं का?"

"चांगलं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याची पोरं खेळतात, आपली बघतात."

"अहो, पण केवढं जग बघतात ती."

"बघू द्या की. तासाभरात एकानंही मांडी बदलली न्हाई, कविराज. बारा वर्षाच्या पोराला तासभर मांडी बदलावी वाटत न्हाई, हे मला बरं दिसत न्हाई."

मला राग आला. पळापळीच्या माणसाला काय कळणार, असं मी मनात म्हणालो. तेही इथं कबूल करून टाकतो.

सर मात्र घरोघरी विचारायला निघाले. पहिलं घर कौसाबाईंचं. त्यांची रुक्मिण ही मैदानावरची सगळ्यांत चपळ मुलगी, अकरा वर्षांची, आणि तीही टीव्हीसमोर पहिल्या रांगेत बसू लागली होती. मी बरोबर होतो. कौसाबाई रिकाम्या घागरी उन्हात पालथ्या घालत होत्या.

सरांनी विचारलं, "रुक्मिण कावून येत न्हाई खेळायला? पायाला लागलं का काही?"

"पायाला काय धाड भरली," कौसाबाई म्हणाल्या. "मीच धाडत न्हाई. टीवीफुडं बस म्हणलं."

"का बरं?"

"सर, तुमी रागावू नगा. बसलेलं लेकरू पाणी कमी पितं. खेळून आलं की तांब्याच्या तांब्या घटाघटा संपवतं. आन् कापडं मातीनं भरून आणती ती निराळीच. आमी पाणी प्यायला पुरवावं का धुयाला? समद्या बाया तेच म्हणत्यात. गुरुजीनं खोली उघडली, लई उपकार झाले."

माझ्याकडे बघून त्यांनी खरोखर हात जोडले. मी मान खाली घातली. माझा झरा, माझा बर्फ, माझ्या कविता. आणि आयांच्या दृष्टीनं त्या टीव्हीचा उपयोग एवढाच की त्यामुळे मुलांना तहान कमी लागते.

परत येताना सर वाटेत एकच वाक्य बोलले, "खरं बोलत असली तर तिचं ऐकायला पाहिजे."

ती खरं बोलते का, हे त्यांनी मोजून बघितलं. सरांची ही रीत होती. कुणी काही म्हटलं की आधी त्यांना ते मोजावंसं वाटे. डेअरीतलं दूध मोजायचं अर्ध्या लिटरचं माप त्यांनी मागून नेलं. आपल्या वाट्याच्या टँकरच्या पाण्यातून एक रांजण भरला आणि चार दिवस काही मुलांना खेळवून, काहींना सावलीत बसवून, कोण किती पाणी पितं ते मापानं मोजलं. पाचव्या दिवशी पुन्हा कौसाबाईंच्या दारात. मला वाटलं, आता हे काहीतरी गोड आकडा सांगतील आणि बाईंना पटवतील.

"तुमचं बरोबर होतं," सर म्हणाले. "खेळलेल्या पोराला एक माप जास्त लागतं. ते माप मी देतो. रांजण मैदानावर ठेवतो. तुमच्या घागरीला हात लागणार न्हाई."

ते पाणी कुठून येत होतं, हे गावातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. मी एकदा सरांच्या घरी गेलो तर सुलोचनावहिनी, म्हणजे सौ. केकाण, दारात बसून शेंगा निवडत होत्या. मी विचारलं, "सर कुठं आहेत?" तर म्हणाल्या, "आज त्यांच्या अंघोळीचा वार हाय. आमच्याकडं आता अंघोळीचंबी टाइमटेबल लागलंय. सोमवारी त्यांची, गुरुवारी माझी. बाकीचे दिवस पोरं पेत्यात." आणि हसल्या. सरांच्या कामात त्यांचा वाटा किती, हे कुणीतरी स्वतंत्र लेखात लिहायला हवं.

तहानेचं असं निभावलं. कपड्यांचं राहिलं. मैदानाची माती पिठासारखी झाली होती, पाऊल टाकलं की उडायची. आणि तेव्हा सरांच्या डोक्यात डेअरीचं पाणी आलं. दुधाचा टेम्पो गेल्यावर रिकामे कॅन विसळले जात. त्या विसळणीचं पांढुरकं पाणी मैदानावर शिंपडलं, तर धूळ बसेल आणि कपडे कमी मळतील. त्यांनी संस्थेच्या सभेत रीतसर विषय मांडला.

अप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, ते पाणी सभासदांच्या वासरांला जातं. वासराच्या तोंडचं पाणी मातीत वतायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरं काय दूध देत्यात का बे?" सभा हसली.

सर उभे होते. ते म्हणाले, "न्हाई, दूध देत न्हाईत. अप्पांचं बरोबर आहे. जनावराचं आधी." आणि खाली बसले. त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. मेंढरामागे पळालेल्या माणसाला तहानेलं जनावर काय असतं ते कळत होतं. मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं: विसळणीचं पाणी जनावरांसाठीच वापरावं, असा ठराव सर्वानुमते मंजूर.

आता ती गोष्ट.

सभा झाल्यावर मला चैन पडेना. मुलं मैदानावरून मीच उठवली होती, आणि सरांनी त्याचा दोष मला एका अक्षरानंही दिला नव्हता. तीन-चार दिवसांनी, टेम्पो गेल्यावर, मी डेअरीत कॅन धुणाऱ्या इस्माईलचाचांना म्हणालो, "चाचा, आजच्या दिवस ते पाणी मैदानावर टाका."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, ठराव तर तुमीच लिवला."

"मीच लिहिला, मीच सांगतो. एक दिवस."

"कावून पन?"

मी काय सांगणार? मला मुलांना ओल्या मातीचा वास द्यायचा होता. वर्षभर तो कुणी घेतला नव्हता, आणि पुस्तकातल्या निम्म्या कविता त्या वासावर उभ्या आहेत. मी म्हणालो, "टाका हो."

चाचांनी बादल्या भरभरून पाणी टाकलं. खो-खोच्या दोन खांबांमधली सगळी पट्टी भिजली. मातीला दुधाचा आणि पाण्याचा मिळून एक वास सुटला. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. आपण फार मोठं काम केलं, असं मला वाटत होतं.

पाचला थोडी मुलं जमली. आणि त्याच सुमाराला गावची जनावरं तलावाच्या कोरड्या पोटातून परत येत होती. जनावराला पाण्याचा वास किती लांबून येतो, हे मेंढपाळाच्या मुलाला ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं. पुढच्या दोन गाई थांबल्या, नाकं वर केली आणि वळल्या. त्यांच्यामागे सगळं खांड वळलं. दगडांचा बांध ओलांडून ती जनावरं मैदानावर आली आणि माती चाटू लागली. ओली माती खरोखर चाटत होती. मग जागेवरून रेटारेटी, शिंगं, खुरं. सरांनी मुलांना आधी बांधावर चढवलं, सगळ्यांना, एकेक करून, आणि मग स्वतः जनावरांत शिरले. एक खांब मोडला. कौसाबाईंची कालवड खाली आली आणि उठली तेव्हा मागचा पाय टेकत नव्हती.

लोक धावले. अप्पा आले. त्यांनी ओली पट्टी पाहिली, मातीचा वास घेतला आणि विचारलं, "कुणी वतलं हे?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं. आज एवढ्या वर्षांनी मी हे ठामपणे सांगू शकतो की तोंड उघडलं होतं; पण शब्द आला नाही. जन्मभर शब्दांवर जगलेला माणूस मी, आणि तिथं माझ्याकडे एकही नव्हता. सरांनी चाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं.

"माझ्यासाठी वतलं," सर म्हणाले. "पोरांसाठी मागत होतो ना मी. चूक माझी."

"ठराव झाला तेव्हा गप बसला, आन् मागनं हे?" अप्पा म्हणाले. "सर, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती."

पुढच्या सभेत केकाण सरांनी हात जोडून सगळ्या सभासदांची माफी मागितली. ज्यांच्या मुलांना त्यांनी स्वतःच्या अंघोळीतून वाचवलेलं पाणी पाजलं, ते लोक समोर बसले होते. आणि इतिवृत्त कुणी लिहिलं? सचिवानं. 'श्री. केकाण यांनी संस्थेच्या ठरावाचा भंग केल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.' ते वाक्य माझ्या वळणदार अक्षरात आहे. त्या वहीत आता दुरुस्ती करता येणार नाही, म्हणून ती इथं करतो. ठरावाचा भंग मी केला होता. केकाण सरांचा त्यात काहीही संबंध नव्हता.

सभेतून परतताना मी सरांना गाठलं. तेच म्हणाले, "कविराज, तुमी सचिव न्हाई राहिलात तर किल्ली दुसऱ्याकडं जाईल. त्यापेक्षा हे बरं झालं. आता एवढं करा, पाच ते सहा ती खोली कुलपात ठेवा. सहानंतर खुशाल उघडा. पोरांनी झरा बघावा, माझी ना न्हाई. पण आधी पळून यावं."

दुसऱ्या दिवसापासून मी पाचला खोलीला कुलूप घालू लागलो. अप्पांनी विचारलं, तर मी सांगितलं, यंत्राला तासभर विश्रांती लागते. अप्पांना ते पटलं. यंत्राच्या विश्रांतीबद्दल आमच्याकडे लोक फार समजूतदार असतात.

तरी मुलं लगेच आली नाहीत. आया त्यांना ओट्यावर बसवून ठेवू लागल्या, कारण कपड्यांचा प्रश्न तसाच होता. सर मात्र रोज कौसाबाईंच्या गोठ्यात जात होते. कालवडीच्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावायचा, पट्टी बांधायची, चार पावलं चालवून बघायची. कौसाबाई पहिले काही दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस, मी तिथं होतो, त्या एकदम म्हणाल्या, "सर, रुक्मिणीनं मला सांगितलं. जनावरं शिरली तेव्हा तुमी तिला उचलून बांधावर ठिवलं म्हणून."

सर पट्टी बांधत होते. "सगळ्यांनाच ठेवलं."

"ते झालंच. पर माझी एकच हाय." मग त्या म्हणाल्या, "असं करा. लेकरांना कापडं उलटी घालून खेळू द्या. मळली तर आतून मळतील. शाळंत जाताना सुलटी घालतील, कुणाला दिसतंय."

सर उठून उभे राहिले. "कौसाबाई, हे मला सुचायला पाहिजे होतं."

"तुमी कधी धुणं धुतलंय का?" कौसाबाई म्हणाल्या.

आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत आमच्या गावानं रोज ते दृश्य पाहिलं. पाचला मुलं मैदानाच्या बांधाआड जाऊन सदरे उलटे करत, मुली परकर-पोलकी उलटी घालून घरूनच येत. शिवणी बाहेर, खिसे बाहेर लोंबणारे. लोक म्हणत, "आली बघा केकाण सरांची उलटी पलटण." सर मोडक्या खांबाच्या जागी स्वतः उभे राहत आणि मुलं त्यांना धरून वळत. सगळी मुलं आली नाहीत. निम्मी आली असतील. पण तास मोडला नाही.

पुढचं लिहायला मन फारसं घेत नाही. पाऊस पडला, आड भरले, आणि तहानेचं कारण संपलं. मला वाटलं, आता मैदान भरेल. पण तोवर घरोघरी टीव्ही आले होते. डेअरीची खोली कुणी उघडत नाही म्हणून मी किल्ली परत केली. पुढे संस्थाही बंद पडली. अप्पा गेले, इस्माईलचाचा गेले. चाचांनी ती गोष्ट शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही. सर निवृत्त झाले आणि पाचला मैदानावर जात राहिले. कधी दहा मुलं, कधी चार.

सरांची मुलगी परदेशात असते, थंडीच्या मुलखात. ती फोनवर सांगते की तिकडेही मुलांना घराबाहेर काढायला आईबाप थकले आहेत. डॉक्टर मुलांना खेळा म्हणून लिहून देतात. सरांनी हे मला सांगितलं आणि म्हणाले, "तिकडं नळ उघडला की पाणी आहे, हिरवळ आहे, मैदानावर दिवे आहेत. आपण उगाच दुष्काळाला बोल लावला." मी टीव्हीवर पाहिलेल्या, बर्फावर घसरणाऱ्या त्या मुलांची मुलं आता घरात बसून काय बघत असतील, असा विचार माझ्या मनात आला.

या लेखासाठी मी रुक्मिणीला फोन केला होता. ती युसूफ वडगावला दिलेली, आता तीही आजी झाली आहे. "गुरुजी, तुमी सरांबद्दल चांगलं लिवा," ती म्हणाली. "मला पळताना बघून ते जसं हसायचे, तसं माझ्याकडं बघून दुसरं कुणी हसलं न्हाई." मग म्हणाली, "माझी नातवंडं मोबाइल सोडीनात. मी लई वरडते. सर कधी वरडले न्हाईत, ते कसं करायचे ओ?"

मागच्या महिन्यात मी लिहायला बसण्यापूर्वी सरांकडे गेलो होतो. त्यांना सांगितलं की ती डेअरीच्या पाण्याची गोष्ट मी या ग्रंथात लिहिणार आहे. ते म्हणाले, "कशाला? आता कुणाला आठवतंय."

मी म्हणालो, "मला आठवतंय."

ते म्हणाले, "तुमचा वास मात्र छान सुटला होता, कविराज. मीबी घेतला होता." त्या सभेच्या दिवसानंतर इतक्या वर्षांत त्या प्रसंगाबद्दल ते माझ्याशी बोलले ते एवढंच.

समितीनं सत्काराचा कार्यक्रम मैदानावरच ठरवला होता. मांडव, खुर्च्या, संध्याकाळी पाचची वेळ, म्हणजे ऊन उतरलेलं असेल. पत्रिकेचा मसुदा घेऊन आम्ही सरांकडे गेलो. त्यांनी तो सावकाश वाचला आणि चष्मा काढला.

"बाकी ठीक आहे. वेळ आणि जागा बदला."

समितीतला एक तरुण म्हणाला, "सर, कावून? मैदान तुमचंच हाय. आन् दुपारी उन्हाचं माणसं येणार न्हाईत."

"पाच ते सहा मैदान मोकळं पाहिजे."

तो तरुण हसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. "सर, तिथं आता येतं कोण?"

सरांनी मसुदा घडी करून त्याच्या हातात दिला. "कुणी आलं तर?"

म्हणून हा सोहळा सकाळी दहा वाजता शाळेच्या सभागृहात होतो आहे. त्या दिवशी हार-तुरे झाले, भाषणं झाली, जेवणं झाली, की सर घरी जाऊन थोडे पडतील आणि पाचला मैदानाच्या मधोमध आपली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतील. सध्या ती मधोमध टाकता येते, कारण तिची कुणाला अडचण होत नाही.

सरांना दीर्घायुष्य आणि निरोगी आयुष्य लाभो, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. मीही लिहितो, पण मला त्याची मर्यादा नीट सांगू द्या. सरांनी निदान इतकं जगावं की एखाद्या संध्याकाळी मैदानावर एवढी मुलं जमावीत, की त्यातल्या एकानं वैतागून त्यांना म्हणावं, "आजोबा, खुर्ची कडेला घ्या ना, पळायला जागा न्हाई." आणि तेव्हा त्यांना कुणाचाही हात न धरता उठता यावं, आणि ती खुर्ची स्वतःच उचलून कडेला नेता यावी.